उन्हाळ्यात हवा कमी ठेवू नका

एप्रिल उजाडला की पेट्रोल पंपावर हवेच्या नळीपाशी एक सल्ला न मागता मिळतो: ‘ऊन वाढलंय, दोन-तीन कमीच ठेवू या.’ देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. उलट सल्ला इतका पटण्याजोगा असतो की शिकलेली माणसेही मान डोलावतात. उष्णतेने हवा प्रसरण पावते हे सगळ्यांनी शाळेत वाचलेले असते. तापलेल्या रस्त्यावर टायरमधला दाब वाढणार, म्हणून आधीच थोडा कमी ठेवलेला बरा, असा हा हिशेब. माझ्या मते कुटुंबाच्या गाडीसाठी हा हिशेब चुकीचाच नव्हे, तर नेमका उलटा आहे. ज्या टायरफुटीच्या भीतीने हवा कमी केली जाते, तिला कमी हवाच सर्वांत जास्त मदत करते. योग्य दाब किती, हे गाडी बनवणाऱ्याने आधीच ठरवून लिहून ठेवलेले असते. आपण तो थंड टायरवर, गाडीत किती माणसे आणि सामान आहे ते पाहून राखायचा.

हा आकडा कुठे असतो, इथूनच गोंधळ सुरू होतो. चालकाचा दरवाजा उघडला की शेजारच्या खांबावर, किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे एक स्टिकर असते. पुढच्या टायरला किती, मागच्याला किती, दोन-तीन माणसे असतील तर किती आणि गाडी भरलेली असेल तर किती, हे त्यावर पीएसआयमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये दिलेले असते (१०० किलोपास्कल म्हणजे साधारण १४.५ पीएसआय). बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा तिशीच्या आसपास येतो, पण तुमच्या गाडीचा तोच असेल असे धरून चालू नये. टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा पाहून कुणी तेवढी हवा भरते. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, आणि तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवी हे त्याला सांगताच येत नाही. ‘सगळ्या गाड्यांना तीस-तीस’ हा पंपावरचा रिवाजही त्याच कारणाने निकामी आहे.

आता मूळ मुद्दा. गाडीचे वजन रबर पेलत नाही, मुख्यतः आतली हवा पेलते. १८५/६५ आर १५ या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या मापाच्या टायरवर पुढे ८८ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ तो एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलू शकतो, पण पुरेशी हवा असेल तरच. हवा कमी झाली की ही क्षमता घटते आणि टायरची बाजू जास्त दबते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे असे चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत एकदा वाकून सरळ होते. लोखंडी तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की हाताला चटका बसतो, तेच इथे रबराचे आणि आतल्या दोऱ्यांचे होते. टायर तापतो तो बराचसा या आतल्या वाकण्याने. ऊन त्यात भर घालते. म्हणजे हवा काढून आपण उष्णता कमी करत नाही, वाढवतो. आणि टायरचे थर एकमेकांपासून सुटतात ते उष्णतेमुळे.

याचा मोठा आणि महागडा पुरावा अमेरिकेत आहे. १९९० च्या दशकात फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला कंपनीने २६ पीएसआय दाब सुचवला होता. तिच्यावरच्या फायरस्टोन टायरांचे पट्टे सुटून गाड्या उलटू लागल्या. २७० हून अधिक मृत्यू या अपघातांशी जोडले गेले आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्याची घोषणा झाली. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्या जाहीरपणे भांडल्या. सरकारी तपासाने टायरच्या पट्ट्यांमधली जोडणीच कमकुवत असल्याचे म्हटले, म्हणजे सगळे खापर दाबावर फोडता येत नाही. पण तक्रारी कुठून आल्या ते पाहा: मोठ्या प्रमाणात ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या उष्ण राज्यांतून. टायर कंपनीने मग सुचवला तो दाब ३० होता, म्हणजे जास्त. उष्ण प्रदेश, भरलेली गाडी, लांबचा सलग वेग आणि कमी हवा हे चार एकत्र आले की कच्चा टायर आधी हार मानतो. मे महिन्यात भर दुपारी समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेने जाणाऱ्या गाडीबाबत पहिल्या तीन गोष्टी ठरलेल्याच असतात. चौथी आपल्या हातात असते.

यावर कुणी म्हणेल, दाब वाढतो हे तर खरे ना? खरे आहे, पण किती वाढतो ते मोजावे. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर धावून आतून ५५ अंशांवर गेला, तर काटा साधारण ३८ दाखवतो. टायरच्या बाजूवरची ४४ किंवा ५१ ची मर्यादा थंड टायरची असते, आणि चालताना होणारी वाढ तिच्या पलीकडे गृहीत धरलेली असते. स्टिकरवरचा आकडा ठरवतानाही टायर तापणार हे ठाऊक असतेच. चांगल्या स्थितीतला टायर या चार-पाच पीएसआयने फुटत नाही. म्हणून वाटेत ढाब्यावर थांबल्यावर काटा ३८ दाखवतो म्हणून हवा सोडणे ही त्या प्रवासातली सर्वांत वाईट कल्पना. टायर थंड झाला की तो ३३ च्याही खाली बसतो.

ऋतूचा फरक मात्र खरा आहे, आणि इथे सल्ला देणाऱ्यांचे अर्धे म्हणणे मान्य करायला हवे. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना ३३ भरलेली हवा, गळती धरली नाही तर, मेच्या पहाटे ३० अंशांना ३६ च्या घरात गेलेली असेल. ती पुन्हा ३३ वर आणणे योग्यच, पण ३३ वर. ३० वर नव्हे. उलट बाजू जास्त घातक आहे. मेमध्ये ३३ भरून विसरलेला टायर जानेवारीत नुसत्या थंडीने ३० वर येतो. त्यात धडधाकट टायरही महिन्याला एखादा पीएसआय गमावत असतो. आठ महिन्यांत तो बावीसच्या आसपास पोहोचतो, आणि डोळ्यांना मात्र ठीकठाक दिसतो. आजच्या रेडियल टायरची बाजू नेहमीच जराशी फुगीर असते, त्यामुळे लाथ मारून किंवा नुसते बघून हवा ओळखण्याचे दिवस गेले.

पावसाचा विचार उन्हाइतका होत नाही, व्हायला हवा. साचलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगू लागतो तो वेग दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून ‘नासा’ने काढलेले सूत्र गाडीला लावले, तर ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो आणि २४ ला सुमारे ८२. मोटारीच्या टायरची नक्षी, झीज आणि पाण्याची खोली यांनी हे आकडे पुष्कळ बदलतात. तरी दिशा तीच राहते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत झिजलेली असेल, तर हवा बरोबर असूनही तुम्ही सुरक्षित नाही, हेही सांगायला हवे.

बाकीचे आक्षेप छोटे आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर मऊ टायर बरा, हे पाठीला पटते. पण कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दबतो आणि बाजूला फुगवटा येतो, त्यावर इलाज टायर बदलण्याचाच. मायलेजसाठी चार-पाच जास्त भरणाऱ्यांना एवढेच सांगेन की अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजाने चारही टायर सरासरी एक पीएसआय कमी असतील तर मायलेज ०.२ टक्के घटते. म्हणजे वाढीव हवेतून होणारी बचत चहाच्या पैशांइतकी, आणि त्या बदल्यात टायर मधोमध झिजतो व पकड घटते. नायट्रोजनला माझा विरोध नाही, मोहही नाही: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, तापल्यावर त्याचाही दाब जवळपास तितकाच वाढतो, फक्त तो जरा सावकाश गळतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही. गाडीत दाबाचा इशारा देणारा दिवा आहे म्हणूनही टळत नाही. अमेरिकी नियमानुसार तो दिवा दाब २५ टक्के घटल्यावर लागला तरी चालतो, म्हणजे ३३ चा २५ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो.

तेव्हा एक साधे गेज विकत घ्या आणि ते गाडीतच राहू द्या. पंपावरचे गेज दिवसभर फरशीवर आपटत असते, त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, गाडी निदान तीन तास उभी असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, घरीच दाब मोजा. पंप लांब असेल तर किती कमी आहे ते टिपून घ्या. घरी २९ निघाली आणि हवी ३३, तर कमतरता चारची. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून तुमच्या गेजवर ३२ दिसत असेल तर ३६ पर्यंत भरा. ३३ वर थांबलात तर थंड झाल्यावर हवा पुन्हा कमीच भरेल. एक टायर दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त उतरत असेल तर त्यात खिळा आहे किंवा वॉल्व्ह गळतो आहे. नुसती हवा भरत राहू नका. गणपतीला पाच माणसे आणि भरलेली डिक्की घेऊन कोकणात निघालात, तर स्टिकरवरचा पूर्ण वजनाचा आकडा वापरा. तो बहुधा मागच्या टायरांना जास्त असतो. परतल्यावर नेहमीच्या आकड्यावर या. आणि स्टेपनी विसरू नका. ती इतर चार टायरांसारखीच असेल तर तिच्यात पूर्ण वजनाची हवा ठेवा. बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावरच वेगळा आकडा लिहिलेला असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि शेजारी वेगमर्यादाही: ताशी ८० किलोमीटर.