वर्षभराचं वाचन कसं तपासावं?

प्रश्न : यंदा वाचनाची वही ठेवली, पण निम्मी पुस्तकं अर्धवटच राहिली. वर्ष वाया गेलं का?
– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : मुळीच नाही. वही ठेवलीत हेच मोठं काम. आता आकडा मोजू नका. प्रत्येक नावापुढे ते पुस्तक हाती कसं आलं ते लिहा : मित्रानं सुचवलं, ग्रंथालयात दिसलं, की प्रदर्शनातून आणलं? अर्धवट पुस्तकापुढे सुटलेलं पान आणि महिना नोंदवा. पुष्कळदा दोष पुस्तकाचा नसतो. सोयाबीनच्या राशी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा यांत वाचन मागं पडतं.

अशा महिन्यांत जाड कादंबरी धरूच नका. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे ‘जागर’, ‘शिवरात्र’ हे लेखसंग्रह घ्या. एका बैठकीला एकच लेख, आणि तुमचा मतभेद असेल तर तोही वहीत उतरवा. कुरुंदकर वाचावेत ते असेच, वाद घालत. मराठवाड्याच्या वाचकानं त्यांना टाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

कथा हवी असेल, तर २०२२ मध्ये उदगीरला झालेल्या ९५व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या दीर्घकथा आहेत.

कंटाळून सोडलेली पुस्तकं ग्रंथालयात बिनदिक्कत परत करा. वेळेअभावी सुटलेल्यांपैकी दोनच निवडा आणि जानेवारीत पहिल्या पानापासून सुरू करा.