हवाई फोटो कुठून घ्यायचा? आधी पिक्सेल मोजा, मग पैसे

नकाशाच्या धंद्यात उतरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणता ड्रोन घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं. थांबा भाऊ, आधी ड्रोन नको. आधी गिऱ्हाइकाला विचारा, "फोटोत सगळ्यात लहान काय दिसायला पाहिजे?" फोटो कुठून घ्यायचा, ते याच उत्तरावरून ठरतं.

समजा, काटोलच्या एका बागायतदाराची ५ एकर संत्र्याची बाग आहे. झाडं ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे साधारण ५६०. आता तीन पर्याय पाहू.

१) फुकटचा फोटो

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो कोणालाही मोफत मिळतात. त्यात एक पिक्सेल १० मीटरचा. एका एकरात जेमतेम ४० पिक्सेल बसतात आणि एका पिक्सेलमध्ये जवळपास तीन झाडं येतात. झाडं मोजता येणार नाहीत. पण बागेचा कोणता कोपरा सुकतोय, हे मात्र कळतं. आपल्या इस्रोचा डेटा 'भूनिधी' पोर्टलवर शोधा. भारतीय अंतराळ धोरण २०२३ प्रमाणे ५ मीटर किंवा त्याहून मोठ्या पिक्सेलचा डेटा मोफत द्यायचा आहे.

२) विकतचा उपग्रह फोटो

२०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ चा ब्लॅक अँड व्हाइट फोटो ३० सेंटिमीटरपेक्षाही बारीक असतो. त्यात झाड वेगळं दिसतं. अनेक गावांचं काम असेल तर हा पर्याय परवडू शकतो. एकट्या ५ एकरांसाठी सहसा नाही, कारण विकणारे ठरावीक चौरस किलोमीटरची किमान ऑर्डर मागतात. आधी जुन्या साठ्यातला फोटो चालेल का बघा, नवीन काढून घेणं महाग पडतं.

आपण नागपूरवाले नशीबवान आहोत. राज्य शासनाचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. इस्रोचं प्रादेशिक केंद्र अमरावती रोडवर आहे. डेटा कसा मागवायचा, हे रीतसर विचारून घ्या.

३) ड्रोनचा फोटो

५ सेंटिमीटरचा पिक्सेल धरला तर एका एकरात १६ लाख पिक्सेल! झाडं मोजता येतात, मेलेली झाडंही सापडतात. ५ एकरांच्या कामाला हाच पर्याय बरोबर. पण पहिली काही कामं परवानाधारक पायलटकडून भाड्यानं करून घ्या. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागतं. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा हवाई नकाशा बघा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाभोवती नियम कडक होतात. सोनेगावचा विमानतळ आणि हवाई दल दोन्ही आपल्या शहरात आहेत, हे विसरू नका.

पैसे देण्याआधी चार प्रश्न, लेखी

• फोटो कोणत्या तारखेचा?
• पिक्सेल किती सेंटिमीटरचा?
• ढग किती टक्के?
• यावरून नकाशा बनवून विकायचा हक्क मला आहे का?

चौथा प्रश्न बहुतेक जण सोडतात. गुगल अर्थ फुकट बघायला मिळतं, म्हणून त्यावर रेघा ओढून नकाशा विकता येत नाही. त्यांच्या अटींत ते बसत नाही. गिऱ्हाइकाला उद्या नोटीस आली, तर तो तुमच्याच दारात येईल.

आणखी एक. शेताच्या धुऱ्यावरून भांडण असेल, तर "माझ्या नकाशात हद्द इथे आहे" असं लिहून देऊ नका. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याची. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांचं ड्रोननं सर्वेक्षण होतंय, पण मिळकत पत्रिका शासन देतं, ड्रोनवाला नाही. तुमचा नकाशा झाडं, पाणी, रस्ता दाखवण्यासाठी. बिलावर हे स्पष्ट छापा.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या एका शेतकऱ्याला किंवा बिल्डरला भेटा. त्याला फोटोतून कोणता निर्णय घ्यायचाय ते एका ओळीत लिहा. खाली सगळ्यात लहान वस्तूचं माप लिहा. त्या मापात निदान चार-पाच पिक्सेल आडवे बसले पाहिजेत. मग वरच्या तीनपैकी सगळ्यात स्वस्त चालेल तो पर्याय निवडा. गिऱ्हाईक फोटोचे पैसे देत नाही, "माझी किती झाडं गेली?" याच्या उत्तराचे देतो. तेच विका.