सायकल चालवा, पण रस्ता निवडून

गुडघेदुखीमुळे चालणे सोडलेल्या रुग्णांना मी बहुधा सायकल सुचवतो. शरीराचा बराच भार सीटवर पडतो, गुडघ्यांना धक्के कमी बसतात. त्यावर ठरलेले उत्तर येते, "डॉक्टर, रस्त्यावर गाड्या किती!"

ही भीती रास्त आहे. म्हणूनच आधी रस्ता निवडावा. अलिबाग-रेवदंडा हमरस्ता शक्यतो टाळून आक्षी, नागावच्या वाड्यांमधून सुरूच्या बनाकडे जाणारे आतले रस्ते धरावेत. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या वाढतात. त्या दिवशी उजाडताच निघावे.

सुरू पाइनसारखा दिसला तरी त्या कुळातला नाही. त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक डहाळ्याच. त्या वाळूसह रस्त्यावर पडल्या की चाक घसरते. तेथे वेग कमी ठेवावा, करकचून ब्रेक लावू नये.

पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकाच वेग पुरे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले तर लगेच थांबून दवाखाना गाठावा.