चरित्रपटातील नायक आणि ‘इतर’ : जोतीराव फुले यांच्यावरील चित्रपटांच्या निमित्ताने

चरित्रपट हा चरित्रवाङ्मयाचा दृश्य अवतार मानला, तर चरित्रलेखनासंबंधीचा एक जुना प्रश्न त्यालाही लागू होतो. नायकाभोवतीची माणसे स्वतः बोलतात, की त्यांच्या वतीने नायकच बोलतो? राजकीय वा सामाजिक नेत्याच्या चरित्रपटात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण तो नेता ज्या समूहांसाठी झगडला, तेच समूह पडद्यावर केवळ गर्दी म्हणून उरण्याचा संभव असतो. महात्मा जोतीराव फुले यांच्यावरील चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय आहेत.

आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ हा मराठी चित्रपट १९५४ सालचा. बाबुराव पेंढारकर यांनी त्यात जोतीरावांची भूमिका केली आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. धनंजय कीर यांचे मराठी फुलेचरित्र किंवा १९६९ मध्ये प्रकाशित झालेले फुल्यांचे समग्र वाङ्मय त्या वेळी उपलब्ध नव्हते, ही गोष्ट त्याचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवावी लागते. पुढे २०२४ मध्ये नीलेश जळमकर यांचा ‘सत्यशोधक’ आणि २०२५ मध्ये अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट आला. म्हणजे साधनांची वाण आता उरली नव्हती. तरीही प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटला नाही. तो निराळ्या रूपात पुढे आला.

‘फुले’ हा चित्रपट जोतीरावांच्या जयंतीदिनी, ११ एप्रिल रोजी, प्रदर्शित व्हावयाचा होता. ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर तो २५ एप्रिल रोजी पडद्यावर आला. तत्पूर्वी चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यात काही फेरफार सुचविले होते. ‘मांग’, ‘महार’, ‘पेशवाई’ हे शब्द काढावेत आणि तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख मोघम करावा, अशी त्यांतील प्रमुख सूचना होती. जातिवाचक शब्द शिवीसारखे वापरले जातात, म्हणून ते टाळावेत, ही भूमिका वरवर पाहता सद्भावनेची वाटते. परंतु दुसऱ्याने हिणवण्यासाठी उच्चारलेले नाव आणि आपली स्थिती सांगण्यासाठी स्वतः उच्चारलेले नाव, यांत मूलगामी फरक आहे.

हा फरक स्पष्ट करणारा पुरावा फुले-पर्वातच उपलब्ध आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. मांग-महारांचे दुःख हा त्याचा विषय असून ही दोन्ही नावे त्याच्या शीर्षकातच आहेत. आपला धर्म कोणता, असा प्रश्न ती देवाला करते; बाजीरावाच्या राजवटीतील छळाचे दाखले देते; आपल्या जातीतील स्त्रियांचे बाळंतपणातील हाल सांगते. मंडळाला जे शब्द नकोसे वाटले, त्यांखेरीज तिची साक्ष नोंदविताच येणार नाही. नाव पुसले की पीडित अनाम होतो आणि पीडा केवळ सर्वसाधारण ‘अन्याय’ ठरते. पडद्यावरील वैविध्य त्यामुळे वेशभूषेपुरते उरते.

याच्या नेमकी उलट अडचण फातिमा शेख यांच्या बाबतीत येते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पण तिचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. मुक्तेला आवाज आहे, पण तिचे शब्द अडचणीचे ठरतात; फातिमाला नाव आहे, पण आवाज कल्पनेने द्यावा लागतो. पहिल्या ठिकाणी दिग्दर्शकाकडून निष्ठेची, तर दुसऱ्या ठिकाणी संयमाची अपेक्षा करावी लागते. सदाशिवराव गोवंडे, तात्यासाहेब भिडे या ब्राह्मण सहकाऱ्यांचे चित्रणही याच कसोटीवर तपासावे लागेल. त्यांचे साहाय्य दाखविणे हे इतिहासाला धरून आहे. परंतु आक्षेपकांच्या समाधानासाठी ते पुढे केले, तर तो इतिहास न राहता तडजोड होते.

चरित्रपटकारांना या पेचातून वाट दाखविणारे सूत्र फुल्यांच्या लेखनातच सापडते. १८५५ मध्येच लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात कुणबी दांपत्य, भटजोशी, पाद्री व विदूषक आपापल्या भाषेत बोलतात. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात जोतीराव धोंडीबाच्या प्रश्नांना उत्तरे देतात. म्हणजे विचार पुढे नेण्याचे काम प्रश्न विचारणाराही करतो. स्वतः फुल्यांनी एकमुखी प्रवचनापेक्षा संवादाचा घाट पसंत केला होता. त्यांच्यावरील चित्रपटात मात्र सारे संवाद नायकाकडे झुकत असतील, तर तो चित्रपट चरित्राशी प्रामाणिक राहूनही चरित्रनायकाच्या वाङ्मयीन दृष्टीशी विसंगत ठरतो.

तात्पर्य, चरित्रपटातील प्रतिनिधित्व हे किती जातिधर्मांची पात्रे दिसतात, यावरून मोजता येत नाही. ती पात्रे कोणत्या शब्दांत बोलतात आणि त्या शब्दांवर अधिकार कोणाचा, हे पाहावे लागते. मुक्ता साळवे हिला १८५५ मध्ये छापून मिळालेले शब्द २०२५ च्या पडद्यावर आक्षेपार्ह ठरावेत, ही बाब केवळ चित्रपट-समीक्षकांनी नव्हे, तर मराठी साहित्याच्या अभ्यासकांनीही गांभीर्याने घ्यावयास हवी.