किंमत मुलांनाच ठरवू दे

चि. सायलीस,



आठवी-नववीच्या मुलांकडून दिवाळीआधी आकाशकंदील करवून घ्यायचे, ते विकायचे आणि त्यातून त्यांना स्वतःचा छोटा धंदा उभा करायला शिकवायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. तू तीन बाबतींत सल्ला विचारला आहेस: भांडवल कुठून आणावं, कामाला जागा कुठली द्यावी आणि गिऱ्हाईक कसं मिळवून द्यावं. पहिल्या दोन्हींत तू मुलांना जरूर मदत कर. तिसरीत करू नकोस. पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडलंस तर तासाभरात सगळे कंदील संपतील, कारण आपल्या लेकराने केलेला कंदील कुठली आई नाकारील? मुलं खूश होतील, शाळेच्या अहवालात एक छान परिच्छेद येईल, आणि जी गोष्ट शिकवायला तू निघालीस तीच राहून जाईल. मायेपोटी दिलेले पैसे म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. ज्याला करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, जो कंदील हातात घेऊन फिरवून बघतो आणि शेजारच्या दुकानातल्या कंदिलाशी ताडून पाहतो, त्याने दिले तर ते पैसे किंमत म्हणून मोजायचे. ही किंमत मुलांनी आधी वहीत मांडावी, मग बाजारात अजमावावी. तुझी मदत या दोन गोष्टींसाठी हवी.

आधी वहीचं बोलू, कारण शाळांतल्या अशा उपक्रमांत सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. समज, एका गटाने १० कंदील केले. कामट्या, घोटीव कागद, खळ, दोरा, झिरमिळ्या मिळून एकाला ५५ रुपये लागले, म्हणजे ५५० रुपये. कागद आणायला जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं ४० रुपये. दोन कंदील चिकटवताना फाटले, उरलेले ८ प्रत्येकी १०० रुपयांना गेले. मुलांच्या हाती ८०० रुपये आले आणि ती म्हणणार, आम्ही आठशे कमावले. थोडी हुशार असतील ती साहित्याचे पैसे वजा करून अडीचशे म्हणतील. भाडं वजा केल्यावर उरतात २१०. आता तू विचार, एका कंदिलाला वेळ किती लागला? अडीच तास लागला असेल तर १० कंदिलांचे २५ तास झाले, आणि २१० रुपयांना २५ ने भागलं की तासाला साडेआठ रुपयेही पडत नाहीत. हा आकडा मुलांनी स्वतः काढला पाहिजे. तो फळ्यावर आला की गप्पा थांबतात आणि प्रश्न सुरू होतात. दहाही कंदिलांच्या कामट्या एकदम तासल्या तर? एकाने नुसता कागद कापला आणि दुसऱ्याने नुसता चिकटवला तर? अशा रीतीने काम १५ तासांत झालं आणि एकही कंदील फाटला नाही, तर त्याच किमतीत तासाला २७ रुपये पडतात. आणखी एखादी मुलगी विचारील की नवा कंदीलच कशाला, लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या सांगाड्यांना नवा कागद लावून दिला तर? या प्रश्नापाशी मुलं पोचली की धंदा सुरू झाला असं मी म्हणेन. पण तिथवर वहीच पोचवते. स्वतःच्या वेळेला शून्य किंमत लावायची सवय आपल्या कारागिरांना, आणि त्यांच्याहून जास्त घरातल्या बायकांना, पिढ्यान्पिढ्या लागलेली आहे. ‘घरबसल्या चार पैसे’ या शब्दांखाली किती तासांचं काम झाकलं जातं! पुढच्या पिढीने तरी ते तास मोजावेत.

आता अनोळखी गिऱ्हाइकाचं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे गांधीजींच्या कल्पनेतल्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीचा आराखडा केला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा, ही त्यातली दृष्टी आजही मला खरी वाटते. पण गांधीजींच्या मूळ मांडणीत मुलांनी केलेला माल सरकारने विकत घ्यावा, अशी अट होती. शाळेचा खर्च निघावा या हेतूने ती अट रास्त दिसते, पण घेणारा आधीच ठरलेला असला की हा माल, समज कातलेलं सूत, कुणाला हवा आहे आणि कशासाठी, हा प्रश्न मुलांपुढे येतच नाही. मुलगा कातायला शिकतो. कोणासाठी कातायचं हे शिकत नाही. याच्या शेजारी पाबळचा विज्ञान आश्रम ठेवून बघ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी काम सुरू केलं, आणि त्यातून शाळांसाठी तंत्रशिक्षणाचा जो अभ्यासक्रम तयार झाला त्यात मुलांनी गावातल्या लोकांची उपयोगाची कामं करायची आणि त्यांचा मोबदला घ्यायचा, असं ठरवलेलं आहे. एखाद्याच्या दाराचं वेल्डिंग कच्चं झालं तर मालक ते दार परत आणणार. मास्तरांच्या लाल शाईपेक्षा ते परत आलेलं दार जास्त शिकवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तू म्हणशील, एवढ्या कोवळ्या वयात बाजाराच्या नकाराला सामोरं जायला लावणं निष्ठुरपणाचं नाही का? माल खपला नाही तर मुलं कायमची मागे सरतील. या भीतीला आधार आहे, तो मी झाकून ठेवत नाही. १९१९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ज्युनिअर अचीव्हमेंट या संस्थेची एक पद्धत जगभर पसरली आहे: विद्यार्थ्यांनी वर्षभरासाठी छोटी कंपनी काढायची, माल करायचा, विकायचा आणि वर्षअखेर हिशेब करून कंपनी मिटवायची. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात या उपक्रमाची तपासणी झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या उद्योजकीय कौशल्यांत वाढ दिसली नाही, आणि पुढे धंदा करायची त्यांची इच्छा उलट कमी झाली. मात्र याचा अर्थ लावताना घाई नको. संशोधकांनीच एक शक्यता मांडली की मुलांना धंद्याचं आणि स्वतःचं खरं रूप दिसलं असावं. तसं असेल तर मी त्याला नुकसान म्हणणार नाही. आपल्याला हे जमणार नाही, हे पंधराव्या वर्षी पाचशे रुपयांत कळणं आणि पस्तिसाव्या वर्षी घर गहाण ठेवून कळणं, यांत फार अंतर आहे. त्याच देशात ११-१२ वर्षांच्या मुलांवर झालेला दुसरा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात धंद्याविषयीचं ज्ञान वाढलेलं दिसलं नाही, पण चिकाटी, पुढाकार, स्वतःवरचा विश्वास अशा गुणांत वाढ दिसली. तुझी मुलं या दोन वयांच्या मधली आहेत. म्हणून नकार टाळू नकोस, तो लहान ठेव: भांडवल थोडं, गट चौघा-पाचांचा, मुदत दीड महिन्याची.

याहून अवघड आक्षेप कलाशिक्षिका म्हणून तुझ्याच मनात आला असणार. पैसा शिरला की हाताचा आनंद जातो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग याच बाजूने बोलतो. चित्रं काढण्याची मुळात हौस असलेल्या ज्या मुलांना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगितलं, ती पुढे मोकळ्या वेळात इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. मात्र न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची हौस कमी झाली नाही. म्हणजे घात होतो तो मोठ्यांनी आधी दाखवलेल्या आमिषाने. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण तुला एक पथ्य त्यातून नक्की मिळतं. ‘सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या गटाला ढाल’ असलं काही ठेवू नकोस. आणि ज्या मुलाला आपला एखादा कंदील विकायचाच नाही, त्याला तो घरी नेऊ दे; फक्त त्याचं साहित्य वहीत खर्ची पडलं पाहिजे.

बालमजुरीचा आक्षेप मात्र मी पथ्यावर भागवणार नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत राहिली, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवायला मनाई झाली. तुझी आठवीची मुलं तेरा वर्षांची आहेत. त्यांना कोणी कामावर ठेवलेलं नाही, हे कागदावरच नव्हे तर वागण्यातही दिसलं पाहिजे. कसोटी सोपी आहे: कधी थांबायचं हे कोण ठरवतं, आणि पैसे कोणाच्या हातात राहतात? शाळेने त्या पैशातून पंखा घेतला, तर ती मुलं शाळेची बिनपगारी कामगार झाली, मग पंखा कितीही गरजेचा असो. सुखवस्तू घरातल्या मुलाचा कंदील छंद ठरतो आणि हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलीचा कंदील घरखर्चाला लागतो, हेही विसरू नकोस. तिच्या गटाला मोठी मागणी येऊ लागली की तिची शाळा बुडणार नाही ना, यावर डोळा ठेव. दहावीचा वर्ग यात घेऊच नकोस. त्यासाठी वाद घालायची गरज नाही.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. अठरा वर्षांखालील व्यक्तीला आपल्याकडे कायद्याने करार करता येत नाही, म्हणून मुलांनी उधार-उसनवार करू नये आणि मोठी मागणी आलीच तर तिची जबाबदारी लेखी स्वरूपात एखाद्या पालकाने घ्यावी. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँकेत निघतं, ते काढून दे. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या हाताच्या कामातून किंवा कौशल्यातून मिळवलेलं धरत नाहीत. पालकांनी विचारलं तर सांग. आणि वारलीचं. कंदिलावर वारली चित्रं काढली की चटकन खपतात, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातून ती चित्रं आली, जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. शहरातल्या मुलांनी ती वर्गात जरूर शिकावीत, पण ‘वारली’ म्हणून विकू नयेत. त्या किमतीत दुसऱ्याच्या वारशाचा वाटा असतो आणि तो वहीत कुठेच मांडला जात नाही.

तेव्हा शाळेचं आवार सोडून आठवडी बाजारात जागा माग, आणि पाटीवर शाळेचं नाव नको. काही कंदील उरतील. संध्याकाळी मुलांचे चेहरे बघून पर्स उघडायचा मोह तुला होईल, तो आवर. किंमत उतरवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं की माल परत न्यायचा, हे गटाला ठरवू दे. परत आणले तर कागद सोलून सांगाडे माळ्यावर ठेवायला सांग, आणि ते किती आहेत हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांग. पुढच्या वर्षी तेवढ्या कामट्यांचा खर्च वाचेल.

तुझा,
मामा