हळद चमकली, पण शिसे?

गेल्या वर्षी आमच्या दीड वर्षाच्या मुलीच्या बोटातून घेतलेल्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम निघाले. इथे अमेरिकेत २०२१ पासून ३.५ हा आकडा धरतात. त्याच्या वर गेले की डॉक्टर लक्ष घालतात. घरात पहिला संशय आला तो आईने गावाहून आणलेल्या सुट्या हळदीवर. संशय अगदीच निराधार नव्हता. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे बांगलादेशातील अभ्यासात २०१९ मध्ये उघड झाले होते.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. अतिनील प्रकाशाची बॅटरी आणली, चिमूटभर हळद रबिंग अल्कोहोलमध्ये ढवळली आणि अंधारात धरली. छान हिरवट-पिवळी चमकली! "शुद्ध आहे," मी जाहीर केले. रसायनशास्त्र शिकलेला मित्र हसला. चमकते ते हळदीतले कर्क्युमिन. सोबत शिसे असले तरी ते चमकणारच.

मग त्याने समजावले. धातू ओळखणाऱ्या चमकत्या रसायनाच्या रेणूत एक चिमटा असतो आणि एक दिवा. धातूचा आयन चिमट्यात बसला की दिव्याची चमक किंवा रंग बदलतो. रॉजर त्सियन यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये कॅल्शियमसाठी फ्युरा-२ हे असे रसायन प्रसिद्ध केले. (द्रवाचा दाटपणा सांगणारे रेणूही आहेत. पातळ द्रवात ते गरगर फिरून ऊर्जा घालवतात, दाट द्रवात फिरणे अडले की चमकतात. रवी ताकात फिरते, श्रीखंडात अडते, तसेच.) गंमत अशी की फ्युरा-२ च्या चिमट्यात शिसे कॅल्शियमपेक्षाही घट्ट बसते. आपले शरीरही असेच फसते आणि शिसे कॅल्शियमसारखे हाडांत साठवते. म्हणूनच अशा मुलांच्या आहारात कॅल्शियम व लोह पुरेसे ठेवायला सांगतात.

बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासले. ४ आले. हळद प्रयोगशाळेत पाठवली, ती निर्दोष निघाली. शिसे सापडले ते आमच्या १९५० च्या दशकातल्या घराच्या खिडकीच्या चौकटीवर. घरांसाठी शिशाचा रंग इथे १९७८ मध्ये बंद झाला, पण जुने थर तसेच राहतात. खिडकी वर-खाली करताना ते झिजून धूळ पडते, आणि आमची मुलगी नेमकी तिथेच उभी राहून मोटारी बघायची. आपले घर त्याआधीचे असेल तर रंग कोरडा खरवडू नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

सहा महिन्यांनी आकडा २ वर आला. आईने मात्र हळदीवरचा संशय अजून माफ केलेला नाही.