खो-खोचा तास आणि आरोग्यशिक्षण

शारीरिक शिक्षण व आरोग्यशिक्षण ही दोन नावे वेळापत्रकात बहुधा निरनिराळ्या चौकटींत लिहिलेली आढळतात. पहिला विषय मैदानावर उरकला जातो व दुसरा फळ्यावर लिहून पाठ करून घेतला जातो. परीक्षा जवळ आली म्हणजे मैदानाचा तास गणिताकडे जातो. परंतु मुलाचे शरीर एकच आहे. ते धावते तेव्हा त्याची शक्ती दिसते, त्याचप्रमाणे त्याची उणीवही दिसते. वर्गात बसलेल्या मुलाचा अशक्तपणा सहजासहजी लक्षात येत नाही. खो-खोच्या तासाला मात्र तो पाच मिनिटांत उघड होतो. म्हणून इयत्ता सहावी ते आठवीसाठी खेळाचा एक तास आरोग्याचा पाठ म्हणून कसा घ्यावा, याचा विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका

सोलापूर जिल्ह्यास हा विचार परका नाही. सांगोला तालुक्यास लागून असलेला आटपाडीचा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आवश्यक केले होते. साधनांवाचून, थोड्या जागेत, सर्व मुलांना करता येईल असा व्यायाम शाळेने दिला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी आजही ग्राह्य आहे.

खो-खो याच कसोटीस उतरतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची चौकट दिली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ तेथे दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. त्यांचे नेतृत्व महाराष्ट्रातीलच प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. विशेषतः मुलींना ती सांगावी, कारण सातवी-आठवीत मैदानापासून दूर होणाऱ्यांत त्यांची संख्या अधिक असते.

पूर्वतयारी : मैदानाची पाहणी

पूर्ण मापाचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन टोकांस खांब असतात. पटसंख्या कमी असल्यास आठांऐवजी चार किंवा सहा मुले बसवून लहान मैदान आखावे. फक्की न मिळाल्यास राखेने रेषा ओढाव्यात. आखणीचे काम मुलांकडूनच करून घ्यावे, म्हणजे मोजमापाचा अभ्यासही होतो.

आखणीपूर्वी मैदानाची पाहणी हा पाठाचाच भाग समजावा. बाभळीचे काटे, काचा व खडे वेचून घ्यावेत. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसात ती निसरडी होते. म्हणून शक्य तेथे ग्रामपंचायतीकडून मुरूम टाकून घ्यावा. खेड्यातील मुले बहुधा अनवाणी खेळतात. उघड्यावर शौच केलेल्या जमिनीत अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात, त्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यास चिकटून रक्त शोषतात. मैदानाच्या कडेची घाण व मुलाच्या अंगातील रक्ताची कमतरता यांचा संबंध असा प्रत्यक्ष आहे. हा संबंध मैदानावर उभे राहून सांगितला तर पुन्हा सांगावा लागत नाही.

पाठाचे टप्पे (४० मिनिटे)

१. रांग व नाडी (७ मिनिटे). मुलांना जोडीने उभे करावे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून नाडीचे ठोके १५ सेकंद मोजावेत व त्यांस चारने गुणावे. प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहावा.

२. अंग मोकळे करणे (६ मिनिटे). चालणे, संथ धावणे, घोटे, गुडघे व कंबर यांच्या हालचाली, शेवटी दोन-तीन सूर्यनमस्कार.

३. खेळ (१५ मिनिटे). लहान लहान डाव घ्यावेत, म्हणजे प्रत्येक मुलास धावण्याची पाळी येते. बाद झालेले मूल दीर्घकाळ बसून राहू नये.

४. विसावा व पुन्हा नाडी (६ मिनिटे). खेळ थांबताच एकदा व तीन मिनिटांनी पुन्हा एकदा ठोके मोजावेत.

५. संवाद (६ मिनिटे). ‘ठोके का वाढले? कोणाचे लवकर उतरले? दम कोणास अधिक लागला?’ असे प्रश्न विचारावेत. स्नायूंस अधिक प्राणवायू लागतो, तो रक्त पोहोचविते, म्हणून हृदय वेगाने चालते, हे उत्तर मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून निघावे. आकडे कमी-अधिक असणे स्वाभाविक आहे. त्यांवरून कोणास हिणवू देऊ नये.

कडेला उभे राहणारे मूल

या पाठातील सर्वांत महत्त्वाचे काम शिटी वाजविण्याचे नसून पाहण्याचे आहे. प्रत्येक शाळेत एखाददुसरे मूल नेहमी कडेला उभे असते. ‘आळशी आहे’, ‘खेळात गोडी नाही’ असे म्हणून त्यास सोडून दिले जाते. अशा मुलाचे ओठ, नखे व डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू फिकट आहे काय, ते थोड्या श्रमाने धापा टाकते काय, त्यास चक्कर येते काय, सकाळी काही खाऊन आले आहे काय, हे पाहावे व निराळे बोलावून विचारावे. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या त्रासाची विचारपूस शिक्षिकेने अथवा अंगणवाडीताई, आशाताई यांच्या साहाय्याने करावी. त्या दिवसांत खेळावे की न खेळावे, हे मुलीच्या इच्छेवर सोडावे. खेळू इच्छिणारीस अडवू नये, न खेळणारीस चारचौघांत कारण विचारू नये.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत तो आढळला. म्हणजे वर्गातील दहा मुली काही वर्षांनी त्या वयात पोहोचतील तेव्हा त्यांतील पाच-सहा अशा असण्याचा संभव आहे. कडेला उभी असलेली मुलगी अपवाद आहे असे समजण्याचे कारण नाही.

रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने नोंद करावी, पालकांस भेटावे व मुलास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. शालेय आरोग्य तपासणीचे पथक आले असता ही नोंदवही त्याच्यापुढे ठेवावी. घाईच्या तपासणीत जे निसटते ते महिनोन्‌महिने पाहणाऱ्या शिक्षकामुळे सापडते.

लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा द्यावयाची असते. ती उपाशीपोटी देऊ नये, जेवणानंतर आपल्यासमोर घ्यावयास लावावी. गोळीने शौचास काळे होते, त्याची भीती नाही, हे मुलांस व पालकांस आधीच सांगावे. हे न सांगितल्यामुळेच अनेक गोळ्या खिशातून उकिरड्यावर जातात. जंतनाशक गोळीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी ठेवून त्यांनाही ती मिळेल असे पाहावे.

आहाराचा विचार

उपदेश घरच्या ताटास धरून असावा. जिल्ह्यात ज्वारी मुबलक आहे. तिच्या जोडीस बाजरी, हुलगा, हरभरा, शेंगदाणा, तांदुळजा व हरभऱ्याचा पाला घेतल्यास लोह मिळते. वर लिंबू पिळल्यास ते अंगी अधिक लागते. जेवणासोबत चहा घेतल्यास कमी लागते. महागडी डबाबंद पेये सुचविण्याची गरज नाही.

उन्हाळ्यातील दक्षता

एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या काळात सकाळच्या शाळेचा पहिलाच तास खेळाचा ठेवावा. पाणी खेळापूर्वी व मध्यंतरी द्यावे. अंग तापून मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले तर त्यास सावलीत निजवून अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व त्वरित दवाखान्यात न्यावे.

समारोप

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. शाळेचा तास त्यातील काही भागच पुरवितो. तोही गणितास दिला तर मुलाचे दुहेरी नुकसान होते. व्यायाम बुडतो, आणि त्याची दुर्बलता पाहण्याची संधीही बुडते.

प्रत्येक शाळेने या सत्रात एक साधी वही घालावी. तीत मुलाचे नाव, तीन वेळच्या नाडीचे आकडे, कडेला राहण्याचे कारण व केलेली व्यवस्था अशी चार घरे असावीत. सत्राच्या शेवटी कडेला उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी किती जण मैदानात आले, हे तिच्यावरून कळेल. या पाठाची परीक्षा तीच होय.